निरशा दुधाचा पेला

मला ताप यायचा तो संध्याकाळी, डेअरीत दूध घालायच्या वेळेला. सकाळी मी चांगली असायचे. झाडलोट, भाकरी, धुणं, सगळं व्हायचं. दिवस कलला की मणका आतून कोणी पिळतंय असं वाटायचं, मग थंडी, मग ताप, आणि पुढे इतका घाम की सकाळी गोधडी वाळत घालावी लागे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चांगली. त्यामुळे शेजाऱ्यांना, घरच्यांना आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की हे दुखणं कमी आणि सोंग जास्त आहे.

आमच्या गावातल्या महिला दूध संस्थेची मी सचिव. सचिव म्हणजे खुर्चीबिर्ची काही नाही. बायका किटल्या घेऊन येतात. मी झाकण काढून वास घ्यायचा, माप घालायचं, कॅनमध्ये ओतायचं, दूध संघाची गाडी आली की कॅन चढवून द्यायचे. सगळं उभ्याचं काम. अंगात ताप घेऊन तापलेल्या पत्र्याखाली उभं राहून बायकांची भांडणं ऐकली की माणसाला मरणाचं फारसं काही वाटेनासं होतं.

आता बरी आहे. गोळ्या संपल्या. थकवा मात्र गेलेला नाही, तो घरातल्या माणसासारखा राहून गेलाय. आजाराची माहिती मी देणार नाही, ती डॉक्टर देतील. मला सांगायचंय ते असं, की एखादा धोका आपल्याला कळणं आणि तो घरच्या माणसाच्या गळी उतरवणं या दोन कामांत फार लांबचं अंतर असतं. तापाने दमले त्याहून जास्त मी त्या अंतराने दमले.

घाबरू नका

पहिले डॉक्टर हमरस्त्यावरच्या गावातले. त्यांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, उन्हाचं आहे, घाबरू नका. दुसऱ्यांनी टायफॉईड सांगितला आणि म्हणाले, घाबरू नका. तिसऱ्यांनी रिपोर्ट उलटेपालटे केले, चष्मा काढला आणि विचारलं, “ताई, टेन्शन घेता का?” त्या साली विहिरी कोरड्या पडलेल्या, टँकरच्या मागे घागरी घेऊन धावायचं, ऊसच नाही म्हणून सहकारी कारखान्याचं धुराडं बंद, आणि आमचे मालक त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला, म्हणजे तेही घरी बसलेले. टेन्शन न घेणारं एक घर दाखवा म्हणावं, मी त्यांच्याकडे राहायला जाते.

मला ‘घाबरू नका’ या दोन शब्दांचा हळूहळू राग यायला लागला. मला काय झालंय ते सांगा, मग घाबरायचं की नाही ते माझं मी बघते. पण तसं तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. “बरं डॉक्टर,” म्हणायचं, गोळ्या पिशवीत टाकायच्या आणि एसटी पकडायची.

घरी माझ्या सासूचा इलाज चालू होता. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्याचा इलाज म्हणजे निरसं दूध. गाईची धार काढली की तसंच, न तापवता, फेसासकट, कोमट कोमट. तापवलं की दुधातला कस जातो हे आत्याचं ठाम मत. धार काढून ती उठली की दोन पेले भरायची. एक आजारी सुनेला, म्हणजे मला. दुसरा पोटुशी सुनेला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, शीतलला. शीतलचं पहिलंच बाळंतपण. तिचा नवरा, माझा दीर, पुण्याकडे कंपनीत, म्हणून ती आमच्यापाशी. स्वतः आत्या दुधाला शिवायची नाही. तिला काळा चहा.

“पे बया, अंगात रगत भरंल,” म्हणून ती समोर उभी राहायची, पेला रिकामा होईपर्यंत.

मी प्यायचे. दुखण्यात कोणी इतक्या मायेने समोर उभं राहिलं की नाही म्हणवत नाही.

“वार कोणी काढली?”

शेवटी मालक मला मोटारसायकलवर बसवून मांजरसुंब्यापर्यंत घेऊन गेले, तिथून एसटीने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. तिथे एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. आधीच्या सगळ्यांनी मला जीभ दाखवायला सांगितलं होतं. यांनी विचारलं, “काम काय करता?”

मी दूध संस्थेचं सांगितलं.

“घरी जनावरं आहेत?”

“एक गाय हाय.”

“इतक्यात व्याली?”

“न्हाई. गाभडली. छावणीत असताना.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “वार कोणी काढली?”

मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले. दुसरं काय सांगणार?

छावणीचं सांगायला हवं. दुष्काळात सरकारी चारा छावणी लागली तेव्हा आमची गाय आम्ही तिथे नेऊन बांधली होती. गावोगावची जनावरं हिरव्या जाळीखाली एकाला एक लागून उभी. बाहेरून आणलेलं उसाचं वाढं, टँकरचं पाणी, माशा. आमची गाय गाभण होती. दिवस भरायच्या आधीच तिने वासरू टाकलं आणि वार, म्हणजे वासरामागून पडायची ती झिल्ली, आतच अडकली. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या छावणीत गेलेले. गाय तडफडायला लागली तेव्हा आत्याने शेपूट धरली आणि मी बाही वर करून हात घातला. गाय वाचली. वासरू गेलं पण दूध उतरलं, तेवढंच नशीब म्हणून आम्ही तिला घरी आणली. मी हात राखेने घासून धुतले आणि त्याच हाताने भाकरी केल्या. सगळ्याच बायका असं करतात. त्यात कोणाला काही करामत केली असं वाटत नाही की चूक केली असंही वाटत नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. ब्रुसेला. नाव ऐकून मालकांनी विचारलं, “भाएरच्या देशातली बिमारी हाय का मॅडम?”

“नाही हो, तुमच्या गोठ्यातलीच आहे. गाईला होते, गाईकडून माणसाला. वार काढताना, वासरू उचलताना किंवा कच्च्या दुधातून. माणसाकडून माणसाला जवळजवळ होतच नाही. घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्या नेमाने घ्या, पूर्ण बऱ्या व्हाल. लघवी लाल होईल, त्यालाही घाबरू नका. दूध उकळून प्या.”

त्यांनी पुढचा कागद ओढला होता. बाहेर रांग होती. मी उठले नाही.

“मॅडम, माही जाऊ पोटुशी हाय. ती बी तेच दूध पेती. निरसं.”

त्यांनी मान वर केली. “आजच्या आज बंद करा. गरोदर बाईला हा आजार झाला तर मूल पडू शकतं.”

“म्हंजी पडंलच?” मालकांनी विचारलं.

“पडेलच असं नाही. पडू शकतं. शक्यता फार नाही, पण आहे.”

मालकांनी मोठा श्वास सोडला. “फार न्हाई मनल्या,” ते मला म्हणाले. आणि मला मात्र ‘पण आहे’ एवढंच ऐकू आलं होतं. एका बाकावर शेजारी शेजारी बसून आम्ही दोघांनी एकाच वाक्याचं एकेक टोक धरलं. डॉक्टरीण बाईंची चूक म्हणाल तर काही नाही. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्या बोलल्या. पण तेवढ्याचं घरी जाऊन काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

पाठीसाठी इंजेक्शनं द्यायची म्हणून मला ठेवून घेतलं. मालकांनी तिथूनच घरी फोन लावला. “मंदाची बिमारी सापडली. गाईपासून आलीय. घाबरायचं काय न्हाई मनल्या मॅडम.” मी फोन हिसकावून घेतला. “आत्या, शीतलला निरसं दूध देऊ नका. लेकराला धोका हाय.” पलीकडून आत्या म्हणाली, “बरं बरं. तू आराम कर. लई बोलू नगस.”

वॉर्ड

वॉर्डात वेळ जात नाही. सकाळी फिनेलचा वास, मग गोळ्यांची ट्रॉली, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ पोरापोरींचा घोळका. माझ्या खाटेपाशी मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलायचे आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मराठीत एकच वाक्य असायचं: “काय ताई, बरं आहे ना?” मी म्हणायचे, बरं आहे. लघवी खरंच लाल झाली. सांगितलेलं असूनही मी दचकले.

शेजारच्या खाटेवर परळीकडची, तिथल्या कोळशाच्या वीज केंद्राजवळ राहणारी एक मावशी होती. दम लागायचा तिला. इंजेक्शनची सुई दिसली की लहान पोरीसारखी भोकाड पसरायची.

“मावशी, एवढी भीती?” मी एकदा विचारलं.

“सुई टोचती गं. दिसती की डोळ्याला.”

“अन् राखंचं भ्या न्हाई वाटत? डॉक्टर रोज इचारतेत, राख किती उडती मनून.”

ती हसली. “राख आमची सासर-माहेरची हाय. वाळत घातलेली कापडं बी राखाडी होतेत आमच्याकडं. तिला कसं भ्यायचं?”

मी मनात म्हटलं, आत्याला गाईचं भ्या कसं वाटेल मग? गाय सुई टोचत नाही. हात चाटते.

त्या मावशीने माझी वेणी घालून दिली होती. ताप उतरलेल्या संध्याकाळी, न विचारता, जुनी ओळख असल्यासारखी. दवाखान्यातल्या सगळ्या दिवसांत मला एवढंच छान आठवतं. अशक्त माणसाला आपले केस कोणी हातात घेतले की रडू येतं, हे मला माहीत नव्हतं.

माझा कप

घरी आले तर माझा कप खिडकीत ठेवलेला. ताट वेगळं. अंथरूण ओसरीत. गावातल्या दोघीतिघी बघायला आल्या त्या अंगणातूनच बोलून गेल्या, पदर नाकाला लावून. मालकांनी माझा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगला होता, आणि मी बघितलं तेव्हा ते दुसरीकडे बघायला लागले.

“माणसापासून होत न्हाई मनल्या व्हत्या ना मॅडम?” मी म्हटलं.

“जवळजवळ न्हाई, असं मनल्या व्हत्या,” मालक म्हणाले. म्हणजे इथे बरं त्यांना ‘जवळजवळ’ नीट ऐकू आलं होतं.

आमचं घर बौद्ध. खिडकीतला वेगळा कप काय असतो हे आमच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. आत्याने तो तिच्या लहानपणी पाटलांच्या ओट्यावर पाहिलेला, त्यातून चहा प्यालेला. तिनेच माझा कप तिथे ठेवावा याचं मला जे वाटलं ते मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते: मला फार लागलं.

आणि संध्याकाळी धार काढून आत्याने पेला भरला तो शीतलसाठी. फेसासकट.

अशी ती सगळी उलटी भीती. माझ्यात काही नव्हतं, मला घाबरत होते. दुधात होतं, ते पाजत होते. मी ओरडले, शीतलने पेला खाली ठेवला. आत्याला समजावलं, मालकांना समजावलं, शीतलला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणा म्हटलं. मालक बिचारे आत्या आणि शीतल दोघींना घेऊन गेले. तोवर पेला बंद होता.

रिपोर्ट आले. दोघींनाही काही नव्हतं. मालक पेढे घेऊनच आले. “काय न्हाई निघालं! मी मनलंच व्हतं.” मीसुद्धा पेढा खाल्ला, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून बघते तर शीतलच्या हातात पेला.

“आत्या!”

“आता काय? काय न्हाई मनून लिवून दिलंय की डाक्टरनं.”

आजवर नाही, याचा अर्थ त्यांनी पुढेही नाही असा घेतला होता. पाऊस अजून पडला नाही म्हणून छत्री विकून टाकावी तसं. मी उठले, कशी उठले माहीत नाही, शीतलच्या हातातला पेला घेतला आणि दूध अंगणात फेकलं.

 पाण्याला महाग झालेल्या त्या साली आमच्या अंगणात दूध सांडलेलं होतं आणि माती ते पीत होती.

“दुस्काळात दूध सांडती?” आत्याने माझ्या हातातला पेला ओढून घेतला. “तुला काय ठावं गं? पाटलाच्या गोठ्यात शेण काढत व्हते मी. पोटात लेकरू, अन् समूर भरलेल्या चरव्या. एक घोट न्हाई भेटला कव्हा. दोन गेली माही. एक सातव्यात, एक त्याच्या बी आधी. अशक्तपणानं गेली. तव्हाच मनलं, माह्या सुनांना मी काय बी करून दूध पाजीन. अन् तू सांडती?”

तिची दोन मुलं गेली हे मला माहीत होतं. कशी, हे मी कधी विचारलं नव्हतं. पाटलाचा गोठा म्हणजे त्यात सगळंच आलं. शेण काढणं आलं, गाय व्यायली की घाण उचलणं आलं, गाभडली तर तेही आमच्याच लोकांनी. माझ्या डोक्यात डॉक्टरीण बाईंचा प्रश्न पुन्हा वाजला, वार कोणी काढली.  ओसरीत जाऊन पडले आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

थोड्या वेळाने शीतल येऊन पायाशी बसली. “अक्का, मला बी भ्या वाटतंय. पर आत्यांना न्हाई कसं मनू? तुमी मोठ्या हायेत, तुमचं चालतंय. मी न्हाई मनलं तर त्या रडतेत. गावातल्या समद्या बाया उकळून पेत असत्या तर मला बी मनता आलं असतं.”

पोरगी बावीस-तेवीसची. मी जन्मभर जे शहाणपण ऐकलं त्यापेक्षा हे खरं होतं.

अण्णांचं म्हणणं

आमच्या संस्थेच्या चेअरमन एक बाई आहेत, पण कारभार त्यांचे मालक बघतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. डेअरीत सगळ्यांना सांगायचं मी ठरवलंय हे त्यांच्या कानावर गेलं, तसे ते घरी आले. अंगणात खुर्ची टाकून बसले. नाकाला रुमाल लावला नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

“मंदाताई, बोलू नका,” ते म्हणाले. “आपलं दूध संघात जातंय, तिथं मशीनवर तापवतेत. शहरातल्या पिणाऱ्याला काय होत न्हाई. बरोबर?”

“बरोबर. आपल्यालाच होतंय अण्णा. आपुन निरसं पेतो. बाकीच्यांच्या बी गाई छावणीत व्हत्या. घरोघर पोरी पोटुशा हायेत.”

“ते खरं. पर तुमी सांगितल्यावर लोक काय करतेल? दूध उकळतेल? न्हाई. तुमच्या घरचं दूध बंद करतेल. अन् ते कावून, हे तुमी मला इचारू नका अन् मी तुमाला सांगत न्हाई.”

त्यांनी सांगायची गरजच नव्हती. आमच्या वस्तीतलं दूध गावात कोणी घेत नव्हतं ते दिवस आत्याला पाठ आहेत. संस्था निघाली आणि आमची किटली सगळ्यांच्या कॅनमध्ये रिकामी व्हायला लागली, तेव्हा पहिल्या दिवशी आत्या नुसती बघायला म्हणून येऊन उभी राहिली होती. दूध ओतल्यावर कॅनमध्ये वाकून बघत होती, आपलं कुठलं ते काही कळतं का.

वाईट याचंच वाटतं की अण्णांचं चुकत नव्हतं.

मी दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, पडून राहिले. पण शीतल समोरून जायची, पोटावर हात ठेवून, आणि मला बाकी काही मोठं वाटेना.

कॅनपाशी

संध्याकाळी डेअरीत गेले. बायका लांब लांब उभ्या राहिल्या. मी नेहमीसारखं एकेकीच्या किटलीचं झाकण काढलं, वास घेतला. मग ओतायचं थांबवून विचारलं, “मी रोज तुमच्या दुधाचा वास घेते. तुमाला राग येतो का?”

“कावून राग यावा?” कोणीतरी म्हणालं.

“नासलेलं कितीदा निघतंय?”

“कव्हातरी. उन्हाळ्यात एखांदं.”

“मग रोज समद्यांचा कशाला घेते?”

कडेला एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, “एका किटलीनं समदं कॅन जातंय मनून. येवढं कळंना व्हय?”

“तसंच हाय माह्या बिमारीचं. समद्याच गाईंत न्हाई. हाय त्या गाईचं दूध पेणाऱ्या समद्यांनाच होत न्हाई. पर कोणाचं लेकरू जाईल ते आधी कळत न्हाई. अन् ह्याला वास बी येत न्हाई, मी झाकण काढून सांगायला. मनून समद्यांनी उकळायचं. वार हातानं काढायची न्हाई. पोटुशीला तर गोठ्यातच जाऊ देऊ नका.”

बायका ऐकत होत्या. डॉक्टरांचं ‘शक्यता फार नाही पण आहे’ मी महिनाभर घरात कोणाला समजावू शकले नव्हते, ते त्या कॅनपाशी सगळ्यांना एका दमात कळलं. मला क्षणभर फार बरं वाटलं. शीतल मागे उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं.

मग एकीने विचारलं, “म्हंजी तुमच्या गाईचं दूध आमच्या दुधात पडतंय रोज?”

बस्स. तिथून पुढे कोणी दुसरं काही बोललं नाही. संघात तापवतात, पिणाऱ्याला काही होत नाही, मी सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी आत्या किटली घेऊन आली तेव्हा रांग बाजूला सरकली. त्यांच्या दुधात आमचं नको. सचिव मीच. माप माझ्या हातात. बाकीच्या किटल्या परत जाऊ नयेत म्हणून माझ्याच सासूची भरलेली किटली मी माझ्याच हाताने परत केली. “आत्या, आज राहू द्या,” एवढंच म्हणाले.

 भर गावातून भरलेली किटली घेऊन आत्या परत चालत गेली. मी पुढच्या किटलीचं झाकण काढलं.

घरी आले तर चूल पेटलेली. किटलीभर दूध घरात उरलं होतं, त्या उन्हाळ्यात ते नासायला कितीसा वेळ? आत्याने मोठं पातेलं चढवलं होतं. दूध वर यायचं, ती ढवळायची, परत वर यायचं. नंतर तिने त्यातलंच पेलाभर काढलं, निववलं आणि शीतलला दिलं. फेस नव्हता, साय होती. शीतल घटाघट प्यायली. मी दारातच उभी राहिले. मी एवढं बोलून जे झालं नाही, ते लोकांनी दूध नाकारल्यामुळे झालं होतं. यात जिंकल्यासारखं काही वाटेना.

पुढे जनावरांचे डॉक्टर येऊन गावातल्या गाई तपासून गेले. आमच्या गाईसारख्या आणखी निघाल्या. त्यात अण्णांच्या गोठ्यातलीही एक निघाली, मग विषय आपोआप मिटला आणि आमची किटली पुन्हा कॅनमध्ये रिकामी व्हायला लागली. कोणी दूध उकळतं, कोणी नाही. वस्तीतल्या दोघी हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वार काढताना मी बघितल्या. माझा कप खिडकीतून कधी आत आला ते कळलं नाही. एक दिवस मी त्यातून चहा पीत होते एवढंच. थकवा आहे. पायऱ्या चढले की बसावं लागतं.

उकळी

शीतलला मुलगी झाली. दिवस भरून, धडधाकट. मी आत जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

ती घरी आली त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ, शीतल न्हाणीत, बाळ माझ्या मांडीवर, आत्या गॅसवर दूध तापवत बसलेली. आता ती दूध उकळायला बसली की उठत नाही. दुसरं काम करत नाही. पातेल्यात बघत राहते.

“मंदा,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. “पाटलाच्या गोठ्यात बी गाई गाभडायच्या. लई. त्या साली बी दुस्काळच व्हता. वार मीच काढत व्हते. हातानं.”

मी बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिले. मला माहीत होतं काय येतंय.

“मंग माही ती दोन... अशक्तपणानं गेली, का त्याच्यानं गेली? मी माह्या हातानं...”

डॉक्टरीण बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, असू शकतं, सांगता येत नाही, शक्यता आहे. तेच खरं होतं. किती महिने मी खरं सांगा, स्पष्ट सांगा म्हणून सगळ्यांशी भांडत होते. पुढचा धोका टळावा म्हणून घरभर भीती पेरली, ती अशी मागे चालत जाऊन एवढ्या जुन्या मातीत उगवेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. समोर आत्या बसली होती, सत्तरीची, चुलीच्या धुराने डोळे अधू झालेली, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“न्हाई आत्या,” मी म्हणाले. “तव्हाच्या गाईंत नव्हतं हे. तुमी घाबरू नका.”

तिने माझ्याकडे बघितलं.  मग पदराने तोंड पुसलं.

“डाक्टरावानी बोलायली तू बी,” ती म्हणाली.

दूध वर आलं. तिने गॅस बारीक केला, ते खाली बसू दिलं, आणि पुन्हा मोठा केला.